धुरपदाचा दत्ता, काशीबाईचा महादू

संस्थेच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी मला विचारतंच, की हे काम सुरू कसं झालं. व्यासपीठावरून सांगावं असं उत्तर माझ्याकडे नाही. चाकूरला आमचं भांड्यांचं दुकान होतं, दुकानामागं घर होतं, आणि दुष्काळात त्या घरात लोकांची लेकरं राहायला लागली. संस्था हा शब्द आमच्या घरात पुष्कळ उशिरा आला. तोवर अव्वा त्याला काहीच नाव देत नसे. कुणी विचारलंच तर, ‘चार लेकरं आहेत घरात,’ म्हणायची. चार हा आकडा कधीच खरा नव्हता.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर उदगीरकडचं. भावंडं आली की तिचं बोलणं कानडीत चालायचं, रागावली तरी कानडीत, आणि हिशेबही ती कानडीतच करायची. गावातले लहानमोठे सगळे तिला अव्वाच म्हणत. अप्पांचा दिवस पहाटेच्या आंघोळीनं आणि लिंगपूजेनं सुरू व्हायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, की ते दुकानाच्या लाकडी फळ्या एकेक करून काढून भिंतीला टेकवायचे. त्या फळ्यांचा आवाज हीच आमची उठायची वेळ. मग दिवसभर ठोकाठोक. पोचे आलेल्या घागरी दुकानाच्या पायरीवर बसून एक म्हातारा कारागीर सरळ करायचा, आणि त्या ठोक्यांत आम्ही पाढे म्हणायचो. आजही शांत खोलीत मला नीट वाचता येत नाही. नातवंडं हसतात, पण रेडिओ लावल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

दुष्काळात दुकानात घेणारे कमी आणि मोडायला आणणारे जास्त झाले. पितळी घागरी, पराती, लग्नातले तांबे, सगळं येऊन पडायचं. बायका आत येत, नवरे बाहेर उन्हात उभे राहत. मोडीचा ढीग छताच्या तुळईपर्यंत गेला होता. अव्वा मधल्या दारात बसून त्या बायकांशी बोलायची. कुठून आलात, कुठं निघालात, असं. कुणी तळ्याच्या कामावर निघालेली असायची, कुणी खडी फोडायला, कुणी थेट हैदराबादला. मग अव्वा विचारायची, ‘आणि लेकरं?’ बहुतेक जणी कडेवरच्या पोराकडे बघायच्या. अंगावरचं पोर सावलीत ठेवून खडी फोडायची, तर सावली कुठली.

जवळच्या कामावर जाणाऱ्या बायका सकाळी आमच्या ओसरीवर लेकरं सोडून जाऊ लागल्या आणि संध्याकाळी नेऊ लागल्या. अव्वा मोठ्या पातेल्यात आंबील करायची. मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लालभडक भाकरी थापताना कडेनं फाटायच्या, तर ती त्यांचे तुकडे करून फोडणीच्या पाण्यात उकळायची. वरून शेंगदाण्याची चटणी. ते आम्हाला आवडायचं, हे आता सांगताना विचित्र वाटतं. एकदा अप्पांनी पाहिलं, की विक्रीतलं नवं पातेलं चुलीवर चढलंय. ते म्हणाले, ‘चुलीवर चढलं की ते जुनं झालं.’ अव्वा म्हणाली, ‘मग मोडीत घाला आणि मला द्या.’ अप्पा हसले आणि दुकानात गेले. या कामाला त्यांचा विरोध असा तेवढाच झाला.

दूर जाणाऱ्यांची लेकरं मात्र ठेवूनच घ्यावी लागत. ती सगळी आमच्या घरात मावणार नव्हती, म्हणून अव्वानं बोळातली घरं धरली. कुठलं लेकरू कुठल्या घरात द्यायचं हे ती कसं ठरवायची, हे मी पुढं तिच्याबरोबर काम करताना शिकले. ती ओसरीवर बसून बघायची, की पाण्याला जाणारी कुठली बाई कुठल्या लेकरापाशी थांबते. पुन्हा थांबली, की अव्वा तिच्या घरी जायची. म्हणायची, ‘पावसाळ्यापर्यंत राहू दे तुमच्यात. पण ध्यानात ठेवा, ठेवायला दिलंय.’ हे शेवटचं वाक्य ती प्रत्येक घरी बोलायची. त्या वेळी त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नसेल.

धुरपदा अशीच आली. मुखेडकडच्या एका खेड्यातलं जोडपं होतं. नवरा घागर घेऊन अप्पांपुढं उभा होता आणि ती मधल्या दारापाशी टेकून बसली होती. मांडीवर पोर होतं, पण ते रडत नव्हतं. रडणारं पोर बघितलं की अव्वा शांत असायची. हे गप पडलेलं पोर बघून ती उठली. धुरपदाच्या अंगावर दूध राहिलं नव्हतं. अव्वानं ते पोर उचललं आणि सरळ समोरच्या काशीबाईकडं नेलं, कारण बोळात दुभती म्हैस तेवढी तिच्याकडे राहिली होती.

काशीबाई विधवा. मूलबाळ नाही. दिरांनी तिला दोन खोल्या आणि एक म्हैस देऊन वेगळं काढलं होतं, आणि त्या म्हशीवर तिचं चाललं होतं. दुष्काळात लोकांनी जनावरं सोडून दिली, पण ही बाई गुरांच्या छावणीतून डोक्यावर वैरण आणून म्हशीपुढं टाकायची. बोलायला फटकळ होती. आम्ही पोरं तिला भ्यायचो. तिनं कापसाची वात दुधात बुडवून त्या पोराच्या ओठांना लावली. पुष्कळ वेळानं त्यानं ती चोखली. धुरपदा दारात उभी राहून बघत होती, आत आली नाही. जाताना एवढंच म्हणाली, ‘पाऊस पडला की येते. दत्ता नाव हाय त्याचं.’

पाऊस पुढच्या वर्षी पडला. बहुतेक लोक परत आले आणि आपापली लेकरं घेऊन गेले. धुरपदा आली नाही. काशीबाईनं त्या पोराला महादू म्हणायला सुरुवात केली, आणि दत्ता हे नाव अव्वा आणि मी सोडून कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुष्काळ सरला तरी लेकरं यायची थांबली नाहीत, ही गोष्ट आमच्या घराला हळूहळू कळली. बाप पिऊन मारतो म्हणून, आई दवाखान्यात आहे म्हणून, दुसरा घरोबा झालेल्या घरात जागा नाही म्हणून. स्टँडवरचा कंट्रोलर एखाद्या हरवलेल्या पोराला आमच्याकडे पोचवायचा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर निरोप पाठवायच्या. अहमदपूर, उदगीर, शिरूर, कुठून कुठून. अव्वाची घरं आता बोळातून गावात आणि गावातून आसपासच्या खेड्यांत पसरली होती. आठवड्याच्या बाजाराला त्या सगळ्या बायका लेकरं घेऊन यायच्या, आमच्या ओसरीवर बसायच्या, आणि अव्वा एकेका पोराचं तोंड, कान, डोकं बघायची. मला त्या वयात स्वतःचं असं काही नव्हतं. माझी फणीसुद्धा माझी नव्हती. याचं वाईट वाटायचं का, असं मुलाखत घेणाऱ्या एका मुलीनं मला मध्यंतरी विचारलं. मला आठवेना. बहुधा वाटत असावं, पण आमच्या घरात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

मग लातूर जिल्हा झाला. त्या दिवसांत लातूरला रोज काहीतरी नवं उघडत होतं. आज या खात्याचं ऑफिस, उद्या त्या खात्याचं. गोदामं रिकामी करून त्यांत टेबलं मांडली जात होती. उस्मानाबादला खेटे घालायचे संपले, याचा सगळ्यांना आनंद होता. एका वकिलांनी अव्वाला सांगितलं, की आता असं घरगुती चालणार नाही, नोंदणी करून घ्या. नोंदणी झाली. गंजगोलाईच्या बाजारामागं एका डाळीच्या आडतीवर वरची खोली मिळाली, तिच्या दाराला पाटी लागली. मी तेव्हा लातूरला कॉलेजात होते. अक्षर बरं म्हणून संस्थेचं लिहिणं माझ्याकडे आलं. खोलीत सतत तूरडाळीचा वास आणि खालून हमालांचा आवाज. मला तिथं फार बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात मी घरी आले होते. दुपार होती. दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन बसली. अप्पांना वाटलं गिऱ्हाईक आहे. त्यांनी विचारलं, ‘काय दाखवू बाई? घागर का?’

ती म्हणाली, ‘न्हाई सावकार. लेकरू ठिवलं होतं.’

अप्पांनी मला हाक मारली. मी तिला ओळखलं नाही. अव्वानं ओळखलं. तिला आत घेतलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि ती जेवेपर्यंत काही विचारलं नाही. जेवल्यावर धुरपदानं सांगितलं. हैदराबादला बांधकामावर असताना नवरा परांचीवरून पडून गेला. मुकादमानं तिला दुसऱ्या गावी कामावर नेलं. तिथं ती एका माणसाच्या घरात राहिली, बरीच वर्षं राहिली. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याची बायको गावाकडून आली आणि हिला निघावं लागलं. आता ती मुखेडकडे भावाच्या वस्तीवर एका खोपटात राहत होती, दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होती. ती हे सगळं सांगताना रडली नाही. शेवटी म्हणाली, ‘हाय ना तो? जगला ना?’

‘जगला,’ अव्वा म्हणाली. ‘चांगला आहे.’ पण कुठं आहे ते तिनं सांगितलं नाही. धुरपदाला झोपायला सांगून ती समोर गेली. मीही मागोमाग गेले. काशीबाई शेण काढत होती. अव्वानं सांगितलं तसे तिचे हात थांबले. तिनं फक्त मान हलवून ‘हाव’ म्हटलं आणि पुन्हा शेण काढायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फळ्या काढायला गेले, तर आमच्या दुकानाच्या खांबाला म्हैस बांधलेली होती. समोरच्या दाराला कुलूप होतं.

गोष्ट गावभर झाली. धुरपदाच्या भावानं लातूरला जाऊन नव्या ऑफिसात तक्रार दिली, की आमच्या बहिणीचं पोर संस्थेनं लपवलंय. तिथले अधिकारी जीपनं आले. तरुण होते, समजूतदार होते. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली. ते म्हणाले, ‘अव्वा, तुमचं काम मला ठाऊक आहे. पण दोन बायका एका मुलावर हक्क सांगत असतील आणि तुमच्याकडून ते मिटत नसेल, तर मला त्याला बालगृहात ठेवावं लागेल. तिथून पुढं जे ठरेल ते ठरेल.’

‘ज्याला दोन घरं आहेत त्याला तुम्ही तिसरीकडे ठेवणार?’ अव्वा म्हणाली.

‘मला दुसरा मार्ग नाही.’

‘थोडे दिवस द्या.’

त्यांनी दिले. त्या अधिकाऱ्यांवर मी तेव्हा फार चिडले होते. पुढं मी स्वतः अनेक मुलांच्या बाबतीत तसेच निर्णय घेतले, तेव्हा त्यांची बाजू मला कळली.

आमच्या बोळात राहणारा एक कंडक्टर होता. त्यानं सांगितलं, की काशीबाई आणि पोरगं त्याला नांदेडच्या स्टँडवर माहूरच्या गाडीत बसलेली दिसली. अव्वानं लगेच पिशवी भरली. धुरपदाला म्हणाली, ‘चल.’ मला म्हणाली, ‘नंदे, तूही चल. महादू तुझं ऐकतो.’

चाकूरहून नांदेड आणि तिथून माहूर, म्हणजे तो सगळा दिवस एसटीत गेला. उन्हानं पत्रा तापलेला, खिडकीतून गरम वारा. भोकरच्या पुढं गाडी थोडी रिकामी झाली, तेव्हा धुरपदानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. आधी अव्वाला दिली, मग मला. पुष्कळ वेळानं अव्वा तिला म्हणाली, ‘एवढ्या वर्षांत एकदा तरी यायचं होतंस धुरपदा.’

‘आले होते की.’

अव्वा वळून बघायला लागली.

‘चाकूरच्या स्टँडवर उतरले, तुमच्या बोळापोतर आले. पोरं खेळून राहिली होती. त्यातला कोणता ते मला कळंना. मंग त्या बाईनं हाक मारली, तवा एक पोरगं पळत गेलं. अंगात सदरा होता, पायात चपला होत्या.’ ती भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली. ‘मी तवा दुसऱ्याच्या घरात राहत होते, अव्वा. तिथं नेऊन त्याला काय घालणार होते? तशीच माघारी गेले.’

 किनवट येईपर्यंत अव्वा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर रान लागलं होतं, सागाची पानं गळून गेली होती आणि पळसाला फुलं उरली नव्हती.

माहूरला देवीच्या पायऱ्यांवर गर्दी होती. दोन्ही बाजूंनी हळदीकुंकवाची, बांगड्यांची, नारळांची दुकानं. तिथं देवीला तांबूल देतात, पान-सुपारी कुटून केलेला. त्यासाठी लोखंडी खलात पानं कुटायचा आवाज सगळीकडून येत होता. मला तो घरच्यासारखा वाटला. अशाच एका दुकानात आम्हाला महादू दिसला. तो गिऱ्हाइकांच्या चपला रांगेत लावत होता. आत काशीबाई खल घेऊन बसली होती.

धुरपदानं हाक मारली, ‘दत्ता...’

पायऱ्यांवरच्या पाचसहा माणसांनी वळून बघितलं. त्या गावात दत्ता नाव घरोघर. वळला नाही तो तेवढा महादू. त्यानं मला बघितलं आणि उठून आला. ‘अक्का, तू कशाला आलीस? म्हशीला कोण बघून राहिलंय?’

‘अप्पा बघतात,’ मी म्हटलं.

‘अप्पांना धार काढायला येत न्हाई.’

‘शेजारचे काढतात.’

तेवढ्यात त्याचं लक्ष धुरपदाकडे गेलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि ती नजर कुठल्याही पोराला कळली असती. तो मागं सरकला, काशीबाईपाशी गेला. ‘ही कोण हाय?’

काशीबाई कुटत राहिली. अव्वा दुकानाच्या फळीवर बसली. ती काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. पण ती बसून राहिली. पुढं तिनं मला सांगितलं, की तिथं आपण बोललो असतो तर काशीबाईला पुन्हा कधी त्या पोरापुढं मान वर करता आली नसती.

काशीबाईनं मुसळी खलात ठेवली. पदरानं हात पुसले. ‘तुझी माय हाय,’ ती म्हणाली.

‘माय तर मेली म्हणलीस.’

‘म्हणले होते. खोटं बोलले.’

महादू दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. तो दहा-अकरा वर्षांचा होता. आपल्याला आई ठेवून गेली हे त्याला माहीत होतं. बोळातली पोरं असल्या गोष्टी सांगतातच. ती जिवंत आहे, हे मात्र त्याला नवं होतं. तो धुरपदाला म्हणाला, ‘मंग ठिवून कशाला गेलीस?’

‘तुला पाजायला माझ्या अंगावर दूध नव्हतं,’ धुरपदा म्हणाली. ‘हिच्याकडं म्हैस होती.’

दुसरं कुठलंही कारण तिनं सांगितलं नाही. नवऱ्याचं नाही, मुकादमाचं नाही. एक गिऱ्हाईक तांबूल मागायला आलं, तर काशीबाईनं पानात बांधून दिला. ते गेल्यावर ती धुरपदाला म्हणाली, ‘उन्हात उभी राहू नको. आत बस.’ धुरपदा आत बसली. काशीबाईनं तिच्या हातावरही थोडा तांबूल ठेवला. दोघी एकमेकींकडे न बघता तो चघळत बसल्या. महादू चपलांकडे परत गेला.

परतीच्या गाडीत तो माझ्याशेजारी बसला. अव्वानं सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं, की आत्ता कुणी कुणाला नेणार नाही. ही सुट्टी आहे तोवर महादूनं मायच्या गावी राहून बघायचं. शाळा उघडायच्या आधी तो स्वतः सांगेल, आणि ऑफिसातही तेच कळवायचं. तोवर त्याला कुणी फितवायचं नाही. काशीबाई म्हणाली, ‘तो येईल की माघारी.’ तिला तशी खात्रीच होती. मलाही होती.

तो निघायचा होता त्या दिवशी मुखेडकडे जाणारा एक रिकामा टेम्पो अप्पांनी थांबवला होता. काशीबाईनं त्याचे कपडे बांधून दिले, वाटेत खायला धपाटे दिले. मग दावणीला गेली, म्हैस सोडली आणि टेम्पोपाशी आणून उभी केली. दुष्काळातल्या त्या म्हशीची ही नात. अव्वा म्हणाली, ‘काशीबाई, हे काय?’

‘त्याला दुसऱ्या कशाचं दूध चालत न्हाई,’ काशीबाई म्हणाली. मग धुरपदाला जवळ बोलावलं. ‘धार काढताना हिच्यासंगं बोलावं लागतंय. गप बसलीस तर पान्हा चोरती. शेपटीला हात लावू नको, लाथ घालती. आन् पेंड सकाळी, सांजच्याला न्हाई.’ धुरपदा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. चार माणसांनी फळी लावून म्हैस चढवली. टेम्पो गेला. काशीबाईनं रिकाम्या दावणीवरचं शेण काढलं, जागा झाडली आणि दार लावून घेतलं.

तिची खात्री होती त्याप्रमाणे झालं नाही. शाळा उघडायच्या आधी महादूचा निरोप आला, की मी इथंच राहतो. मायला एकटीला म्हैस आवरत नाही, आणि दूध गावात घालायला मीच जातो. अव्वा हा निरोप घेऊन समोर गेली. काशीबाईनं ऐकून घेतलं. नंतर बरेच दिवस ती आमच्या ओसरीवर आली नाही. बाजाराच्या दिवशी बाकीच्या बायका लेकरं घेऊन येत, तेव्हा ती दाराला आतून कडी घालायची. अव्वा रोज तिच्या उंबऱ्यावर भाकरी-कालवण ठेवून यायची. कधी ती घेतलेली असायची, कधी तशीच असायची.

अव्वानं योग्य केलं का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडायचा. काशीबाईकडे बघितलं की उत्तर नाही असंच यायचं. मी एकदा अव्वाला तसं म्हटलंही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘मी तिला लेकरू ठेवायला दिलं होतं. ते मी तिला सांगितलंही होतं. पण सांगून काय होतं, नंदे?’ मग बराच वेळ खडे वेचत राहिली.

त्याच पावसाळ्यात लातूरच्या एका दानशूर व्यापाऱ्यानं संस्थेला जागा देऊ केली. तिथं मोठं अनाथालय बांधायचं, दगडी कमान, वर त्यांच्या वडिलांचं नाव. आमच्या वरच्या खोलीत बैठक झाली. सगळे सभासद खूश होते. अव्वा शेवटी बोलली. म्हणाली, ‘धुरपदाचं पोरगं आज तिच्याकडे राहतंय ते म्हशीमुळं. दुष्काळातच तिला कुणी म्हैस दिली असती तर ती गेलीच नसती. इमारत बांधली की आपल्याला ती भरावी लागेल. मला म्हशी द्या.’

वकील म्हणाले, ‘म्हणजे आता आपण म्हशी वाटणारी संस्था का, अव्वा?’

‘म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रं. जिला जे जमेल ते.’

वाद फार झाला. व्यापाऱ्यांनी जागा परत घेतली, दोन सभासद निघून गेले. पुढची काही वर्षं आम्ही त्या डाळीच्या वासाच्या खोलीतच काढली. आज आमच्या कामाची जी दोन अंगं सांगितली जातात, म्हणजे लेकरांसाठी घर बघणं आणि आयांना उभं करणं, त्यातलं दुसरं अंग त्या बैठकीतून निघालं. नवी मुलं-मुली कामावर येतात तेव्हा त्यांना मोठमोठे तक्ते काढून हे शिकवतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकते. तक्ते चांगले असतात.

काशीबाईनं पुन्हा लेकरू घेतलं नाही. अव्वानं विचारलं होतं, तिनं नको म्हटलं. पण एका बाजाराच्या दिवशी ती आपणहून ओसरीवर आली. एका नव्या बाईच्या मांडीवर तान्ही पोर होती. काशीबाईनं तिला विचारलं, ‘हिच्या मायचं नाव काय?’ त्या बाईला सांगता येईना. ‘इचारून घे,’ काशीबाई म्हणाली, ‘आन् रोज हिला सांगत जा.’ एवढं बोलून ती परत गेली. नंतर मात्र प्रत्येक बाजाराला यायला लागली आणि प्रत्येक नव्या बाईला हेच विचारायला लागली. बायका तिला टरकून असायच्या.

महादू दिवाळीत आणि उन्हाळ्यात चाकूरला यायचा. मोठा झाला, मुखेडच्या दूध संकलनात लागला. लग्न झालं तेव्हा काशीबाई आणि धुरपदा दोघींनी हळद लावली. एकमेकींशी त्या फारशा बोलायच्या नाहीत. भेटल्या की म्हशीचं विचारायच्या.

अव्वा गेल्यावर काही वर्षांनी काशीबाई आजारी पडली. तिला लातूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. महादूला निरोप पाठवला, तर तो नंतर आला. आधी धुरपदाच आली, एकटी, एसटीनं, गाठोडं घेऊन. ती आली ती काशीबाईच्या खाटेखाली पथारी टाकून राहिलीच. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तीच करायची. काशीबाई फटकळपणानं काही बोलली, की धुरपदा ‘हाव, हाव’ म्हणायची आणि हातातलं काम चालू ठेवायची.

एक दिवस मी तिथं असताना सोबतच्या माणसाचा पास करायला खालच्या खिडकीवर जावं लागलं. खिडकीतल्या माणसानं धुरपदाचं नाव लिहून घेतलं. मग विचारलं, ‘पेशंट तुमची कोण?’

 ‘आमच्या दोघींचं लेकरू एकच हाय,’ धुरपदा म्हणाली.

त्या माणसानं मान वर करून तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  मागं रांग होती. त्यानं काहीतरी लिहिलं आणि पास पुढं सरकवला. जिना चढताना धुरपदानं तो माझ्या हातात दिला. ‘काय लिव्हलं त्यानं?’

‘बहीण,’ मी म्हटलं.

ती एक पायरी चढून थांबली, दम घेतला. ‘असू दे,’ म्हणाली, आणि वर गेली.